वॉल्टर कॅम्प: घड्याळाच्या कंपनीतला फुटबॉलपटू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लेकीकडे किंवा भाच्याकडे अमेरिकेत गेलेला मराठी माणूस पहिल्यांदा तिथला फुटबॉलचा सामना बघायला बसतो आणि दहा मिनिटांत विचारतो, "अरे, हे सारखे थांबतात कशाला?" रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधत मागे गेलं, की आपण १८८० सालातल्या एका हॉटेलातल्या बैठकीपाशी आणि एकवीस वर्षांच्या एका पोरापाशी येऊन पोचतो. त्या पोराने पुढे पोटापाण्यासाठी आयुष्यभर घड्याळं विकली. त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं.

हा वॉल्टर कॅम्प नेमका कोण?

जन्म ७ एप्रिल १८५९, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी. वडील शाळामास्तर. शिक्षण न्यू हेवनच्या हॉपकिन्स शाळेत आणि मग त्याच शहरातल्या येल कॉलेजात. येलकडून फुटबॉल खेळला, येलचा कर्णधार झाला, येलचा प्रशिक्षक झाला, आणि हे सगळं करताना न्यू हेवन क्लॉक कंपनीत सेल्समनपासून अध्यक्षपदापर्यंत चढला. अमेरिकेत त्याला 'अमेरिकन फुटबॉलचा जनक' म्हणतात. असली बिरुदं बहुधा फुगवलेली असतात, पण इथे ते बऱ्यापैकी शोभतं.

जाता जाता एक गंमत. येल हे नाव ज्याच्यावरून पडलं तो एलिहू येल आपल्या मद्रासचा, ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशातला थोडा त्याने या कॉलेजला दिला.

फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळतात तो?

नाही. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी पाडायचं, तो. कॅम्प कॉलेजात आला तेव्हा, १८७६ साली, तो जवळजवळ इंग्लंडचा रग्बीच होता. त्याच वर्षी पूर्वेकडच्या मोठ्या कॉलेजांनी रग्बीचे नियम घेऊन आपली संघटना काढली होती.

खेळाडू म्हणून तो कसा होता?

चांगला होता. चपळ, काटक, लाथ मारण्यात पटाईत. अंगाने मात्र किरकोळ. हार्वर्डविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याला बघून हार्वर्डच्या कर्णधाराने येलच्या कर्णधाराला "या लेकराला खेळवणार की काय?" अशा अर्थाचं काही विचारलं, असा किस्सा सांगतात. येल तो सामना जिंकलं.

१८७८ आणि १८७९ साली तो कर्णधार होता. पदवी १८८० साली मिळाली, तरी खेळणं थांबलं नाही. पुढे मेडिकलला गेला आणि तिथूनही येलकडून खेळत राहिला. कोणी किती वर्षं खेळावं यावर तेव्हा बंधन नव्हतं. आज एखाद्या कॉलेजने सहा-सहा वर्षं तोच गडी उतरवला तर आरडाओरडा होईल.

मग डॉक्टर का झाला नाही?

१८८२ मध्ये अभ्यास सोडला. रक्त बघवत नसे म्हणून सोडला, असं सांगतात. खरं असेल तर पुढची कथा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा. गुडघ्याच्या दुखापतीने खेळणंही त्याच सुमारास संपलं. मग त्याने मॅनहॅटन वॉच कंपनीत नोकरी धरली आणि १८८३ साली न्यू हेवन क्लॉक कंपनीत आला. तिथून मात्र हलला नाही.

त्याने खेळात असं काय बदललं?

दोन गोष्टी. बाकी सगळं त्यांच्या पोटातून आलं.

पहिली, १८८० ची. रग्बीत चेंडू पडला की दोन्हीकडचे गडी डोकी घालून एकमेकांना रेटतात आणि मध्ये अडकलेला चेंडू कुणाच्या बाजूने बाहेर येईल ते नशिबावर. त्याला स्क्रम म्हणतात. स्प्रिंगफील्डच्या मॅसासॉइट हाउस या हॉटेलात कॉलेजांच्या प्रतिनिधींची बैठक भरायची. तिथे कॅम्पने सुचवलं, की चेंडू ज्या संघाकडे आहे त्याच्याकडेच राहू द्या. त्यांचा एक गडी चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे ढकलेल आणि मागचा गडी तो उचलून खेळ सुरू करेल. तो मागचा गडी म्हणजे आजचा क्वार्टरबॅक. त्याच बैठकीत पंधराऐवजी अकरा गडी करायचंही ठरलं. अकराची मागणी तो आधीच्या दोन बैठकांत करून हात हलवत परतला होता. या खेपेला मंजूर झाली.

आता चेंडू कोणाकडे आहे हे आधीच ठरलेलं, म्हणजे आधी बेत आखता येतो. खेळ थांबतो, बेत ठरतो, खेळ सुटतो. टीव्हीसमोर बसलेल्या आजोबांना खटकतं ते थांबणं इथून आलं.

पण या सुधारणेत एक भोक होतं. चेंडू तुमच्याकडेच राहणार असेल, तर तो सोडायचाच कशाला? १८८१ साली प्रिन्स्टन आणि येल यांची गाठ पडली. पहिला पूर्ण अर्धा वेळ प्रिन्स्टनने चेंडू कुशीत धरून काढला. दुसरा अर्धा वेळ येलने तेच केलं. शून्य-शून्य. लोकांनी पैसे मोजून, थंडीत उभं राहून हे पाहिलं होतं. त्यांच्या तोंडी काय आलं असेल ते इथे लिहायला नको.

त्यावर १८८२ ची दुसरी सुधारणा. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या. या प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. क्रिकेटवाल्या माणसाला षटकावरून समजावता येतं: ठराविक संधी, त्यात काय करायचं ते करा, मग पाळी दुसऱ्याची. पाच यार्ड झाले की नाही हे कळायला मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याची रेघ आली. वरून पाहिलं तर मांस भाजायच्या जाळीसारखं दिसायचं, म्हणून मैदानाला 'ग्रिडआयर्न' म्हणू लागले.

या नियमात एक विनोदी कलम होतं: पाच यार्ड पुढे जा किंवा दहा यार्ड मागे या, चेंडू तुमचाच. म्हणजे पुढे जाता येत नसेल तर उलटं पळून ताबा राखायची सोय! पुढे हे बदलत गेलं. आज दहा यार्ड आणि चार प्रयत्न आहेत. दहा यार्ड १९०६ पासून, चौथा प्रयत्न १९१२ पासून.

गुण मोजायची आकड्यांची पद्धतही त्याच्या पुढाकाराने १८८३ साली आली. त्यात टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, दोनच गुण होते आणि मैदानातून लाथेने मारलेल्या गोलला पाच. आज टचडाउनला सहा आणि फील्ड गोलला तीन. पाय मागे पडला, हात पुढे आला.

घड्याळाच्या धंद्यामुळे त्याला ही शिस्त सुचली, हे खरं का?

हे वाक्य फार ठिकाणी वाचायला मिळतं. घड्याळाचा माणूस, म्हणून त्याने खेळाचे तुकडे पाडले, मोजमाप आणलं, वगैरे. छान वाटतं, पण तारखा आड येतात. अकरा गडी आणि चेंडूचा ताबा १८८० चे. डाउन १८८२ चे. घड्याळाच्या कारखान्यात तो १८८३ साली आला. तेव्हा झालं असेल तर उलटंच. बैठकीत माणसं पटवायची, आज नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी तोच ठराव पुन्हा मांडायचा, मुद्दा कागदावर नेमका उतरवायचा, हे तो फुटबॉलच्या समितीत शिकला आणि धंद्यात वापरलं. माझं मत तरी असंच आहे.

कंपनीत त्याचं काम काय होतं?

विक्री, मग हिशेब, मग सगळा कारभार. न्यू हेवन क्लॉक कंपनी १८५३ साली सुरू झालेली. भिंतीवरची, फडताळावरची, गजराची आणि खिशातली स्वस्त घड्याळं ती ढिगाने बनवायची. माल परदेशीही जायचा. कॅम्प खजिनदार झाला, सरव्यवस्थापक झाला आणि १९०३ साली अध्यक्ष. हे नुसतं मानाचं पद नव्हतं, रोज उठून कारखान्यावर जावं लागे. त्याच्या मृत्यूनंतर साधारण साडेतीन दशकांत कंपनी मिटली.

दिवसभर कारखान्यात, तर संघाला शिकवायचा कधी?

इथे ॲलिसची ओळख करून द्यायला हवी. ॲलिस ग्रॅहम सम्नर ही येलचे प्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम सम्नर यांची सावत्र बहीण. १८८८ साली तिचं कॅम्पशी लग्न झालं आणि त्याच वर्षी कॅम्प येलचा मुख्य प्रशिक्षक झाला. सराव दुपारी, आणि दुपारी साहेब कारखान्यात. मग सरावाला ॲलिस जायची. मैदानाच्या कडेने चालत, कोण चुकला, कुठली फळी फुटली, कोण दमला हे टिपून ठेवायची. संध्याकाळी ती टिपणं नवऱ्यापुढे ठेवायची. रात्री खेळाडू घरी येत आणि दिवाणखान्यात दुसऱ्या दिवशीचं ठरे.

नवी नवरी, लांब झगा, नोव्हेंबरची थंडी आणि चिखलात लोळणारे धटिंगण. तिच्या टिपणांवर तयार झालेल्या १८८८ च्या संघाने तेरा सामने खेळले, तेराही जिंकले. अंगावर गुण एकही नाही, आणि स्वतःचे ६९८. पुन्हा वाचा: सहाशे अठ्ठ्याण्णव विरुद्ध शून्य. १८८८ ते १८९२ या पाच मोसमांत येलने ६७ सामने जिंकले आणि दोन हरले. यात ॲलिसचा वाटा किती याचा हिशेब कुठल्याच फलकावर नाही.

येलनंतर तो मोसमापुरता कॅलिफोर्नियाला जाऊन नव्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघालाही शिकवून आला.

याबद्दल त्याला पैसे मिळायचे का?

येलकडून प्रशिक्षणाचे पैसे त्याने घेतले नाहीत. सभ्य माणसाने खेळावर पोट भरू नये, हे त्याचं ठाम मत. खेळ हौशीच राहिला पाहिजे.

हे मत बाळगायला घड्याळाचा पगार पाठीशी लागतो, एवढंच म्हणतो. शिवाय फुटबॉल त्याला अगदीच फुकट पडत नव्हता. तीसच्या आसपास पुस्तकं, मासिकांतून शेकडो लेख, क्रीडासाहित्य विकणाऱ्या स्पॉल्डिंगच्या नावाने दर वर्षी निघणाऱ्या नियमपुस्तिकेचं संपादन. लेखणीचे पैसे चालत, लाथेचे चालत नसत.

आणि येलमधलं हौशीपण किती खरं होतं? १९०५ च्या सुमारास वृत्तपत्रं खोदकामाला लागली. जेम्स होगन हा येलचा कर्णधार. त्याला सामन्यांची गुणपत्रकं विकण्याचा वाटा मिळे, न्यू हेवनमध्ये खपणाऱ्या सिगारेटींवर एका तंबाखू कंपनीकडून कमिशन मिळे, आणि मोसम संपल्यावर क्युबाची सहल. मग हेही बाहेर आलं, की येलच्या क्रीडा निधीत एक लाख डॉलरच्या आसपास रक्कम साठली आहे, तीही कुणाच्या फारशी नजरेत न येता. त्या निधीवर हात कॅम्पचा. त्याने तो खिशात घातला असं कोणी म्हटलं नाही. पण 'आम्ही हौशी' म्हणणाऱ्या घरात एवढी पुरचुंडी निघाली, की पाहुणे हसणारच.

त्याचाच शिष्य विल्यम हेफेलफिंगर याने तर कुंपणच ओलांडलं. येलचा हा अजस्र गडी १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्गमध्ये अलेघेनी क्लबकडून एकच सामना खेळला आणि ५०० डॉलर घेतले, वर प्रवासखर्च २५. अलेघेनी ४-० ने जिंकलं (टचडाउनला तोवर चार गुण झाले होते), तो एकमेव टचडाउनही त्याचाच. पैसे उघडपणे कबूल नव्हते. क्लबच्या खर्चाच्या कागदावर मात्र नोंद राहिली आणि तो कागद नंतर सापडला. म्हणून आज हेफेलफिंगरला पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू मानतात. पुढे तोही मिनिॲपोलिसला जाऊन धंद्यात पडला आणि कौंटीच्या राजकारणातही शिरला.

'ऑल-अमेरिका' संघ त्यानेच सुरू केला का?

१८८९ साली कॅस्पर व्हिटनी या पत्रकाराबरोबर. देशातले सर्वोत्तम अकरा गडी निवडून कागदावर संघ मांडायचा, ही कल्पना. पहिल्या यादीतले अकराच्या अकरा येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टनचे. आपल्याकडे राष्ट्रीय संघात सगळे मुंबईचे निघाले असते तर इंदूर-बडोद्याने जे म्हटलं असतं, तेच पश्चिमेकडची कॉलेजं म्हणाली. पुढच्या वर्षांत यादीची दारं हळूहळू उघडली. हार्वर्डचा विल्यम लुईस हा कृष्णवर्णीय खेळाडू १८९२ आणि १८९३ अशी दोन वर्षं त्यात होता. त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

मैदानावर माणसं मरत होती, तेव्हा हा काय करत होता?

हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि कॅम्पच्या चाहत्यांना नकोसा.

तीन प्रयत्नांत पाच यार्ड. म्हणजे प्रत्येक खेपेला दोनेक यार्ड पुरे. मग कशाला लांब पळायचं? झुंड करा आणि मध्यात घुसा. त्यात १८८८ साली कंबरेखाली पकडून पाडायला परवानगी मिळाली, तीही कॅम्पच्या पुढाकाराने. मोकळं पळणं आणखी अवघड झालं, गडी खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले. १८९२ साली हार्वर्डने 'फ्लाइंग वेज' काढली: दोन तुकड्या लांबून धावत येऊन पाचरीसारख्या जुळतात आणि समोरच्या एकाच गड्यावर आदळतात. ही युक्ती काढणाऱ्या लॉरिन डेलँडने स्वतः कधी हा खेळ खेळलेला नव्हता. अंगावर संरक्षण जवळपास नाही. १८९४ चा येल-हार्वर्ड सामना इतका रक्ताळला, की दोन्ही कॉलेजांनी पुढची दोन वर्षं एकमेकांशी खेळणंच बंद ठेवलं.

टीका वाढली तेव्हा कॅम्पने काय केलं? त्याने माजी खेळाडूंना आणि शाळा-कॉलेजांच्या प्रमुखांना प्रश्नावली पाठवली आणि उत्तरांचं पुस्तक काढलं: फुटबॉल प्रकृतीला आणि स्वभावाला हितकारक आहे. प्रतिकूल उत्तरांना त्यात पुरेशी जागा मिळाली नाही, असं पुढे इतिहासकारांनी दाखवलं. रक्त बघवत नाही म्हणून मेडिकल सोडणारा तो हाच माणूस. मुद्दाम खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. आपण बांधलेल्या घराला तडा गेलाय हे कबूल करणं अवघड जातं, तसं काहीतरी.

१९०५ च्या मोसमात शिकागो ट्रिब्यूनच्या गणतीप्रमाणे १८ जण मेले आणि १५९ जबर जखमी झाले. त्यातले बरेचसे शाळकरी. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा मुलगा तेव्हा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात होता. ९ ऑक्टोबरला रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसवर जेवायला बोलावलं. कॅम्प त्यात होता. नियम प्रामाणिकपणे पाळू, असं निवेदन निघालं. मोसम तसाच पुढे सरकला आणि माणसं मरत राहिली. कॅम्पच्या समितीला डावलून इतर कॉलेजांनी नवी संघटना काढली. तीच, कॉलेजांतल्या खेळांचा कारभार बघणारी संघटना, १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते. १९०६ च्या जानेवारीत जुनी-नवी समिती एकत्र बसू लागली, तेव्हा चिटणिसाची खुर्ची कॅम्पकडून हार्वर्डच्या बिल रीडकडे गेली. वर्षानुवर्षं नियम ज्याच्या लेखणीने लिहिले जात, त्याच्या हातून लेखणी गेली.

मग फॉरवर्ड पास त्यानेच आणला ना?

नाही, त्याला तो नकोच होता. १९०६ साली चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली ती त्याच्या इच्छेविरुद्ध. त्याचा आग्रह पाचाऐवजी दहा यार्डांवर होता, आणि तोही मान्य झाला. मैदान रुंद करायचा पर्यायही चर्चेत होता, पण हार्वर्डचं काँक्रीटचं स्टेडियम १९०३ सालीच बांधून झालेलं. काँक्रीट कसं सरकवणार?

'डेली डझन' हा काय प्रकार?

बारा व्यायाम. पहिल्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या प्रशिक्षण तळांवरच्या व्यायामाची जबाबदारी कॅम्पकडे आली. त्याआधी न्यू हेवनमध्ये पंचेचाळिशी उलटलेल्या गृहस्थांसाठी त्याने पथक काढलं होतं. खुर्चीत बसून पोट सुटलेली मोठी माणसं त्याला चांगली ठाऊक होती, तोही त्यांच्यातलाच. वजन नको, साहित्य नको, आठ-दहा मिनिटं पुरे. प्राणिसंग्रहालयातले वाघ-सिंह पिंजऱ्यात राहून नुसते आळोखेपिळोखे देऊन कसे तंदुरुस्त राहतात, हे पाहून ही कल्पना सुचली असं तो सांगे. १९२० च्या दशकात त्याच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या आणि घरोघरी लोक तबकडी लावून हातपाय हलवू लागले. त्याच दशकात इकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन बसले होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मला आपलं आठवलं.

फुटबॉलने त्याला जितकी माणसं ओळखत, त्याहून जास्त या बारा व्यायामांनी ओळखू लागली.

त्याचा मृत्यू कसा झाला?

बैठकीत. म्हणजे जवळजवळ तसंच. मार्च १९२५ मध्ये न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात नियम समितीची बैठक चालू होती. १८७८ पासून तो या बैठकांना येत होता. आदल्या दिवशीचं काम उरकून तो खोलीवर झोपायला गेला. १४ तारखेला सकाळी बाकीचे जमले, कॅम्पची खुर्ची रिकामी. थोडा वेळ वाट पाहिली, मग कोणीतरी वर जाऊन दार वाजवलं. दार उघडावं लागलं. झोपेतच गेला होता. वय ६५.

न्यू हेवनला गेलो तर बघण्यासारखं काय आहे?

येल बोल हे १९१४ चं मोठं स्टेडियम, आणि त्याच्याजवळ १९२८ साली उभारलेली कॅम्पच्या नावाची दगडी कमान. तिच्यासाठी देशभरातल्या शेकडो शाळा-कॉलेजांनी वर्गणी दिली होती. ग्रोव्ह स्ट्रीटच्या दफनभूमीत त्याची समाधी. घड्याळाच्या जुन्या कारखान्याची विटांची इमारत हॅमिल्टन स्ट्रीटवर आहे. सामना असेल त्या शनिवारी कमानीपाशी गर्दी असते. कारखान्याकडे सहसा कोणी फिरकत नाही.